दारात बसणारा

त्याचा चेहरा आमच्या घरात कुणी पाहिलेला नाही. गाडीच्या दाराला आतून, पोटरीच्या उंचीवर, एक काळी जाळी आहे. तिच्यामागे तो बसतो. गोतावळा बराच आहे त्याचा. चार दारांत चौघं, पुढच्या काचेच्या कडेला त्रिकोणी प्लास्टिकमागे बारीक गळ्याची दोन पोरं, डॅशबोर्डच्या मधोमध एक, आणि डिक्कीत बाजूच्या पत्र्याआड खर्जातला एक म्हातारा, जो बोलतो कमी आणि थरथरतो जास्त. आणखीही काही जण इकडेतिकडे दडलेले आहेत, सगळे मिळून बारा. ब्रोशरमध्ये या सगळ्यांना मिळून एकच नाव छापलेलं असतं, प्रीमियम साउंड सिस्टिम. आमची आई त्याला 'तो गाणारा' म्हणते.

मी या घरातला धाकटा दीर. रामदासपेठेत खाली दादाचा दवाखाना, वर घर, आणि घरातल्या एका खोलीत मी आणि माझी पुस्तकं. गाडीत माझी जागा ठरलेली आहे, तिसऱ्या रांगेत डावीकडे. शेजारी पाण्याचा कॅन, मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. मधल्या रांगेत आई आणि तिची दोन नातवंडं, पुढे दादा आणि वहिनी. तिसऱ्या रांगेतून सगळ्यांच्या टाळू दिसतात आणि आपल्याकडे कुणाचं लक्ष नसतं. दारातल्या त्या जिवाशी माझं जमलं ते बहुधा यामुळेच.

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले होते. एका गाडीत पुढच्या सीटच्या पाठीवर दोन पडदे होते, पण स्पीकर साधे. दुसरीत पडदे नव्हते, पण गाणारा तालेवार होता. सात वर्षांचा पुतण्या पहिल्या तटाचा एकमेव सरदार. दहावीतली पुतणी तटस्थ. तिचा पडदा तिच्या हातातच असतो. आई म्हणाली, "मला समोरच्या सीटच्या पाठीत काय पाहायचं आहे?" निकाल वहिनीने दिला. "पोट्टे घरी दिवसभर तेच पाहून राहिले. गाडीत पण तेच? मग त्यांना घेऊन जायचं तरी कशाला?"

अशा रीतीने गाणारा आमच्याकडे आला. पण 'आम्हाला तो हवा' असं म्हणून त्याला एकट्याला आणता येत नाही, ही आपल्याकडच्या बाजाराची गंमत आहे. युरोपात गाडी घेताना स्टीरिओपुढे वेगळी खूण करता येते. आपल्याकडे तो टॉप मॉडेलच्या गठ्ठ्यात बांधलेला असतो. महिंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० आणली, तेव्हा सोनीचे १२ स्पीकर मिळत होते ते सगळ्यात वरच्या पॅकमध्ये. सफारीचे जेबीएलचे १० स्पीकर वरच्या मॉडेलला, इनोव्हा हायक्रॉसचे जेबीएलचे ९ तसेच वरच्याला. गाणं हवं असेल तर आधी सनरूफ घ्या, हवा फेकणाऱ्या सीट घ्या, आपोआप ब्रेक मारणारा रडार घ्या. ज्याला नुसतं गाणंच ऐकायचं आहे असा गरीब रसिक कंपन्यांच्या हिशेबात नाही.

शिवाय तो गाडीच्या पोटात आला म्हणून गाडीचाच कर भरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे दारातल्या गवयावरही ४० टक्के. तोच गवई बाजारातून, खोक्यातून आणला तर १८ टक्के. रोड टॅक्स गाडीच्या किमतीवर लागतो, तो याच्याही वाट्याला येतो. दादाने हा हिशेब दवाखान्याच्या प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर मांडून दाखवला होता. बाजारातला गवई स्वस्त पडत होता यात वाद नव्हता. मग दादाने तिथेच खाली दुसरी ओळ लिहिली, विमा. बाहेरून बसवलेला स्टीरिओ किंवा पडदा पॉलिसीत वेगळा दाखवावा लागतो, आणि त्याच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता भरावा लागतो. बहुतेक लोक तो दाखवतच नाहीत, आणि गाडी ठोकल्यावर त्याचे पैसे मागायला जातात.

त्याच्या राहण्याविषयी सांगायला हवं. घरातल्या स्पीकरला लाकडाची पेटी असते. याला पेटी नाही, दार हीच पेटी. दाराच्या आत काच वरखाली करणारी मोटर, कुलुपाचे दांडे, वायरींचा जुडगा, आणि पावसाळ्यात चक्क पाणी. काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी दाराच्या पोटातून खाली उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. मध्ये प्लास्टिकचा एक पडदा असतो, त्याच्या भरवशावर हा गृहस्थ जुलै-ऑगस्ट काढतो. उन्हाळा तर विचारूच नका. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. ते सावलीतलं. रामदासपेठेत सावलीतलं पार्किंग मिळालेला माणूस मी अजून पाहायचा आहे. दुपारी दोनला गाडीचं दार उघडलं की आतली हवा तोंडावर येते आणि स्टिअरिंगला हात लावायला रुमाल लागतो. तशा गाडीत बटण दाबल्याबरोबर तो पहिल्या सुरापासून सुरात असतो. एवढं तर आमच्या संगीत सभांतल्या तंबोऱ्यालाही जमत नाही.

हे त्याला जमतं, कारण तो याच घरासाठी घडवलेला आहे. त्याच्या कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या शंकूला किती ऊन सोसावं लागेल, किती ओल, किती वेळा दार आपटलं जाईल, हे कारखान्यात तपासून ठरलेलं असतं. बाजारातल्या देखण्या स्पीकरचा आवाज कदाचित याच्याहून गोड असेल. पण तो कुठल्या दारात जाणार हे त्याला माहीत नसतं.

आणि आता त्याच्या सभ्यपणाबद्दल, कारण रामदासपेठेत तोच गुण सगळ्यात मोठा आहे. हा भाग दवाखान्यांचा. सेंट्रल बाजार रोडने चाललात तर पाटीवर पाटी, हाडांचे, हृदयाचे, मुलांचे, डोळ्यांचे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दवाखान्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो, आणि तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. लोकमत चौकाकडून आत वळणाऱ्या माणसाला हे सांगून पाहा. संध्याकाळी सिग्नलला एखादी गाडी येऊन उभी राहते, आधी तिची नंबर प्लेट खडखडते, मग आपल्या बरगड्या, आणि शेवटी लक्षात येतं की ते गाणं आहे. डिक्कीत बसवलेल्या बेस ट्यूबचा हा पराक्रम. खर्जाच्या लांब लाटांना पत्रा अडवू शकत नाही, त्या बाहेर पडतात आणि पहिल्या मजल्यावरच्या सलाईनच्या बाटलीपर्यंत जातात. आमचा गाणारा यात नाही. त्याच्या खर्जाला कंपनीने मर्यादा घातली आहे, कारण त्याने गाडीचाच पत्रा खडखडवला तर तक्रार कंपनीकडे येते. हौशी लोक यालाच त्याचा नेभळटपणा म्हणतात. दवाखान्याच्या वर राहणारा माणूस तसं म्हणणार नाही.

त्याची कुळकथा मात्र साधीच. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये गाडीत बसणारा रेडिओ विकायला काढला आणि त्याला मोटोरोला नाव दिलं. पुढे कंपनीचंही तेच नाव झालं. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघायची ती मुकीच. गाडी घरी आली की तिला गळा बाजारातून आणावा लागे. मागच्या काचेखालच्या फळीवर दोन लंबगोल स्पीकर, त्यांना जाळीदार टोप्या, आणि उन्हाने कॅसेटचं काय व्हायचं ते झालेलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ बाळगायला पोस्टातून लायसन्सही काढावं लागे. बाबांच्या कागदपत्रांत त्याची एक पुस्तिका सापडली, तिकिटं चिकटवलेली. पुतणीला ती दाखवली तर तिला वाटलं मी थट्टा करतोय.

गाडीच्या आतल्या जागेचा अभ्यास करून, त्या एका गाडीसाठी आवाज बेतायचा, ही कल्पना बाजारात आली ती १९८३ च्या मॉडेलांत, जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांमध्ये. ती घडवली अमर बोस यांनी. आडनाव बंगाली, वडील कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेले, आणि हे एमआयटीत प्राध्यापक. त्यांनी हेरलं ते इतकंच: घरात माणूस कुठे बसेल हे सांगता येत नाही, गाडीत मात्र प्रत्येकाचं डोकं कुठे असणार हे आधीच ठरलेलं आहे. काच किती, कापड किती, सीट केवढी, सगळं मोजता येतं. मग आवाजही मोजून शिवता येईल. आज जेबीएल, सोनी, हार्मन कार्डन, बोस अशी जी नावं दारावर चांदीच्या अक्षरांत चिकटवलेली असतात, त्या नावांचा खरा माल हे मोजमाप आहे. स्पीकर त्यानंतर. नावांचीही वंशावळ मजेची आहे. जेबीएल म्हणजे जेम्स बी. लॅन्सिंग या अमेरिकी माणसाची १९४६ ची कंपनी; ती हार्मनकडे गेली, आणि हार्मन २०१७ मध्ये कोरियाच्या सॅमसंगने घेतली. त्याच हार्मनचा एक कारखाना आपल्या चाकणला आहे. परका म्हणावा तर पत्ता पुणे जिल्ह्यातला.

त्याच्या डोक्याविषयी थोडं. चालवणारा माणूस उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या दारातला आवाज त्याच्या कानावर आधी पोचतो आणि डाव्या दारातला उशिरा. आवाज हवेतून एक मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. दोन दारांच्या अंतरातला फरक मिलिसेकंद-दीड मिलिसेकंदाचाच, पण कानाला तेवढं पुरतं. गाणारी बाई गाडीच्या मधोमध न बसता उजव्या दाराला चिकटून बसल्यासारखी वाटते. यावर त्याची युक्ती पंगतीतल्या जाणत्या वाढप्याची आहे. जवळच्या पानावर तो जरा थांबून वाढतो, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत भात पोचतो तेव्हाच सगळ्यांचा पहिला घास उचलला जातो. जवळच्या स्पीकरला तो क्षणभर अडवून धरतो आणि लांबच्याला पुढे सोडतो. बटणं दाबून हे पाहता येतं. 'चालक' निवडलं की गाणं दादासमोर येतं, 'सगळे' निवडलं की गाडीभर पसरतं. आमच्या घरात या बटणावरून झालेले तह आणि तहभंग हा स्वतंत्र विषय आहे.

आईने त्याची परीक्षा घेतली ती तिच्या पद्धतीने. तिने वसंतराव देशपांडे लावायला सांगितले. नागपूरकरांना हा घरचा गळा. सिव्हिल लाइन्समधलं मोठं सभागृह त्यांच्याच नावाचं आहे. जुनं, एकाच माइकवर घेतलेलं ध्वनिमुद्रण. त्यात डावं-उजवं नाहीच, मग बारा स्पीकर काय करणार? सुरुवातीला त्याने ते उगाच गाडीभर उधळलं, तान जणू छतातून यायला लागली. आई चमकून म्हणाली, "अरे, आवाज कुठून येऊन राहिला? माणूस बसला कुठे?" पुतणीने ते थ्रीडी का काय ते बंद केलं. वसंतराव समोर येऊन बसले. आई काही बोलली नाही, पण हाताने मांडीवर ठेका धरला, आणि त्या दिवसापासून 'तो गाणारा' हे नाव पडलं. याचा अर्थ एवढाच, की त्याचे सगळे अलंकार नव्या गाण्यांसाठी आहेत. जुनं ऐकायचं असेल तर ते उतरवून ठेवावे लागतात.

गाण्याखेरीज तो जी कामं करतो त्यांचा कुणाला पत्ताही नसतो. पट्टा लावला नाही की टिंग-टिंग करणारा तोच. रिव्हर्सला भिंत जवळ आली की जो पिप-पिप वाढवतो, तोही तोच. बऱ्याच नव्या गाड्यांत तर इंडिकेटरची टिकटिकही खरी उरलेली नाही, तीही स्पीकरमधूनच वाजवली जाते. फोन आला की तो आपलं गाणं खाली ठेवतो. रस्ता सांगणारी बाई बोलायला लागली की तिला वाट करून देतो. घरच्या कर्त्या मंडळींपैकी दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होऊ देणारा हा एकटाच. वेग वाढला की टायरचा आवाज वाढतो, तेव्हा न सांगता स्वतःचा आवाज थोडा चढवतो, आणि गाडी चौकात थांबली की उतरवतो.

म्हणूनच त्याला काढून दुसरा बसवणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. सीताबर्डीकडच्या एका दुकानात आम्ही गेलो होतो, दादाच्या जुन्या गाडीच्या वेळी. दुकानदार मोठा गोड माणूस. "डॉक्टरसाहेब, कपलर टू कपलर बसवून देतो. एक वायर कापणार नाही. वॉरंटीला हात लागणार नाही." जुन्या गाडीत ते खरंही होतं; स्टीरिओ खाचेतून ओढा, दुसरा सरकवा. आताच्या गाडीत पुढच्या स्क्रीनमध्ये कॅमेरे, एसी, गाडीच्या सेटिंगा सगळं एकत्र गुंफलेलं असतं. स्क्रीन बदलली तर टिंग-टिंग कुठून यायची आणि चारी बाजूंचा कॅमेरा कुठे दिसायचा, हे आधी विचारून घ्यावं लागतं. त्या दुकानदाराची एक खासियत होती. चालत्या गाडीत पुढच्या पडद्यावर सिनेमा लागू नये म्हणून हँडब्रेकला जाणारी एक वायर असते. ती तो थेट बॉडीला अर्थ करून द्यायचा. गाडीला वाटतं, हँडब्रेक ओढलेला आहे. गाडी मात्र ऐंशीने चाललेली असते आणि समोर नाच सुरू असतो. हे तो कलाकाराच्या अभिमानाने सांगायचा. वहिनी त्याच क्षणी उठली.

आता त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळतो. मागचा पडदा. या मनुष्याशी माझं वैर नाही, पण त्याचा स्वभाव मला पटत नाही. तो जन्माने उशिराचा आहे. १९९९ च्या ओल्डस्मोबील सिल्हूएट नावाच्या अमेरिकी कौटुंबिक गाडीच्या प्रीमियर मॉडेलमध्ये छतातून खाली उतरणारा पडदा आणि व्हिडिओ कॅसेट लावायचं यंत्र कारखान्यातूनच येत होतं. मग डीव्हीडी आल्या. आपल्याकडे हेडरेस्टमध्ये बसवलेले डीव्हीडीचे पडदे हे काही वर्षं लग्नाच्या वरातीच्या गाड्यांपासून ट्रॅव्हल्सवाल्यांपर्यंत सगळ्यांचं वैभव होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये किया कार्निव्हल भारतात आली, तिच्या लिमोझिन मॉडेलमध्ये मागे १०.१ इंचांचे दोन पडदे कंपनीचेच होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने एक्सईव्ही ९ई आणली. तिच्या डॅशबोर्डवर १२.३ इंचांच्या तीन स्क्रीन आहेत, त्यांतली एक चालकाशेजारी बसणाऱ्यासाठी. मागे बसणाऱ्यांसाठी मात्र सोय अशी, की तुमचाच टॅब आणा आणि सीटच्या पाठीवर अडकवा. मला हा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. कंपनीच्या शहाणपणाचा एक भाग खर्च वाचवण्याचा असेलही, तरी मला तो मान्य आहे.

कारण पडदा लवकर म्हातारा होतो. गाडी दहा-बारा वर्षं घरात राहते. दारातला गवई तेवढी वर्षं सहज गातो, कारण गाणं कॅसेटमधून आलं, सीडीतून आलं की फोनमधून, त्याला काही फरक पडत नाही. त्याला लागतो नुसता आवाज. पडद्याला मात्र ॲप लागतं, ॲपला नवी आवृत्ती लागते, आणि एक दिवस ॲप कळवतं की या यंत्रावर आता चालणार नाही. हेडरेस्टमधल्या डीव्हीडीच्या फटीत आज कुणी काय घालावं? एका ओळखीच्यांच्या गाडीत त्या फटीत टोलच्या पावत्या खोचलेल्या मी पाहिल्या आहेत.

शिवाय त्याच्यामुळे मुलांच्या पोटात ढवळतं. डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, समोर चित्र आहे. कानाच्या आतलं तोलाचं यंत्र सांगतं की आपण वळतोय, थांबतोय, उसळतोय. मेंदूला दोघांचा मेळ घालता येत नाही. सरळ रस्त्यावर निभतं. मेळघाटाच्या वळणांवर चिखलदऱ्याला जाताना तिखटमिठाच्या पुऱ्या परत येतात, आणि त्या कुठे येतात हे मागच्या रांगेत बसणाऱ्याला विचारा. बसवलेल्या टॅबचंही पथ्य आहे. घट्ट क्लॅम्पमध्ये नसेल तर जोरात ब्रेक लागल्यावर तो उडतो, आणि नागपूरच्या दुपारी तो बंद गाडीत विसरून आलात तर त्याची बॅटरी फुगायला वेळ लागत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. पडदा एकेकट्याशी बोलतो. दोन पडदे लावले की मधल्या रांगेत दोन माणसं हेडफोन घालून बसतात, तिसरं, म्हणजे आमची आई, दोघांच्या मध्ये निर्वासितासारखी, आणि पुढे दादा-वहिनी हळू आवाजात फी आणि फरशीचं बोलतात. गाडीत सहा माणसं असतात आणि गाडी रिकामी असते. दारातला गाणारा सगळ्यांशी एकदम बोलतो. त्यामुळे भांडणं होतात. पुतण्याला एक हवं, पुतणीला दुसरं, आईला तिसरं, दादाला बातम्या. ही भांडणं मला प्रिय आहेत. पुतण्याला ज्या चार-पाच नाट्यपदांचे मुखडे येतात ते याच भांडणांतून, हरल्यामुळे, कानावर पडून आले.

समृद्धी महामार्गावर या दोघांची खरी परीक्षा होते. शिवमडक्याला गाडी आत घातली की नागपूर मागे पडतं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा जोडला गेला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. कारला १२० ची वेगमर्यादा. सरळ, रुंद, आणि इतका एकसुरी की तासाभरात मन गळून जातं. इथे पडदा मुलांना शांत ठेवतो, हे मी मान्य करतो. पण मुलं शांत झाली की गाडी शांत होते, आणि गाडी शांत झाली की चालवणाऱ्याच्या पापण्या जड होतात. मागे भांडण आणि पुढे गाणं चालू असताना दादाला झोप आलेली मी पाहिलेली नाही.

रस्ता सिमेंटचा आहे. डांबरावर जो टायर गुणगुणतो तो सिमेंटवर घोंघावतो, आणि तो घोंघाट नेमका खालच्या स्वरांवर बसतो. डिक्कीतला म्हातारा तिथे जीव तोडून गातो आणि ऐकू येत नाही. नागपूरचं एफएम एव्हाना खरखरून गेलेलं असतं, मोबाइलचं नेटवर्क मधूनमधून जातं, आणि ऑनलाइन लावलेला पडदा गोल गोल फिरणारं एक चक्र दाखवत बसतो. आधी उतरवून घेतलेलं गाणं मात्र चालू राहतं. कधीकाळी रात्री गाडी चालवणाऱ्यांना १५६६ किलोहर्ट्झवर आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी होती. १९८८ मध्ये ती सुरू झाली, नागपूरच्याच १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून, आणि रात्रभर चालायची. ती वाहिनी आता बंद झाली. आमचा गाणारा तिच्यासाठी घडलेला नाही, पण तिची जागा त्याच्याकडे आली आहे.

त्याचा एक दोष मला ठाऊक आहे, आणि तो मलाच ठाऊक आहे, कारण मी तिसऱ्या रांगेत बसतो. बारा जागी गाणाऱ्या या माणसाला माझ्यापर्यंत यायची फारशी इच्छा नाही. त्याचं सगळं मोजमाप पहिल्या दोन रांगांच्या डोक्यांवरून घेतलेलं असणार. माझ्या कानाशी मागचं चाक, पाठीशी डिक्कीतल्या म्हाताऱ्याची थरथर, आणि शब्द मात्र पुढून येतात, आईच्या आणि मुलांच्या टाळूंवरून घसरत. मी 'जरा मागे कर' म्हणालो की दादा आवाज मागे सरकवतो, मग पुढून वहिनी म्हणते, "काहीच ऐकू येत नाही." थोड्या वेळाने कुणीतरी गुपचूप तो परत पुढे नेतं.

तरी मला विचाराल तर निवड त्याचीच करा. बजेट दोघांना पुरत नसेल तर पैसे दारात घाला, पाठीत घालू नका. मुलांना टॅब हवाच असेल तर चांगला क्लॅम्प घेऊन द्या आणि उतरताना टॅब घरी न्या. टेस्ट ड्राइव्हला जाताना शोरूमच्या पेनड्राइव्हवरची धडधडणारी गाणी ऐकू नका, ती त्याला शोभावीत म्हणूनच निवडलेली असतात. आपल्या घरातलं एखादं जुनं गाणं न्या, गाडी चालू ठेवा, सिमेंटच्या रस्त्यावर न्या. आणि घरातला जो माणूस सगळ्यात मागे बसतो त्याला सोबत घेऊन जा. सेल्समन त्याला तिसऱ्या रांगेत बसू देत नसेल, तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.